टॉवरपर्यंत जाणाऱ्या वाटा : दूरसंचारातले इंजिनिअर आणि मॅनेजर येतात कुठून?



दहावीचा निकाल लागला की आमच्या केळझरच्या शाळेत आठ-पंधरा दिवस नुसती वर्दळ असते. कुणाला दाखला हवा, कुणाला गुणपत्रिकेची झेरॉक्स साक्षांकित करून हवी, आणि बहुतेकांना सल्ला हवा. मागच्या वर्षी असेच एक पालक मुलीला घेऊन आले. मुलीचे गुण चांगले, गणित आणि विज्ञानात तर फारच चांगले. बाप म्हणाला, "सर, हे म्हणते मोबाईल कंपनीत इंजिनिअर व्हायचं. अकरावी सायन्स घेऊ का डिप्लोमा? अन् माये साळे टेलिफोनातच होते. ते म्हनतात लाइन बुडाली, तिकडे नोका टाकू पोरीले."

मी थोडं इकडचं-तिकडचं बोललो, पण खरं सांगायचं तर मला उत्तर येत नव्हतं. मी भूगोल शिकवतो. दूरसंचार म्हणजे काय हे मला पुस्तकातल्या धड्याइतकंच माहीत. या क्षेत्रात काम करणारी माणसं काय शिकून आली, आधी काय करत होती, याची कल्पना नव्हती. म्हणून सुटीत वाचलं, दोन-चार माणसांशी बोललो आणि नववी-दहावीसाठी व्यवसाय मार्गदर्शनाचा एक पाठ तयार केला. तीन तासिका लागल्या. तो पाठ इथे मांडतो आहे. तुमच्या शाळेत घ्यायचा असेल तर जसाच्या तसा घ्या, नाहीतर आपल्या गावाप्रमाणे बदला.

पहिली तासिका : फोनच्या मागे कोण आहे?

सुरुवात प्रश्नाने केली. "तुम्ही पुण्याच्या मावशीला फोन लावता. तो लागावा म्हणून कोण-कोण काम करतं?" उत्तरं आली ती अशी: टॉवरवाला, रिचार्जवाला, कस्टमर केअरची मॅडम, आणि मागच्या बाकावरून "अंबानी". वर्ग हसला. पण उत्तर अगदीच चुकीचं नव्हतं, मालकही त्या साखळीत येतोच.

मग फळ्यावर एक आडवी रेघ ओढली. एका टोकाला आपला मोबाईल. तिथून रेडिओ लहरी टॉवरवर जातात. टॉवरच्या पायथ्याशी जी पेटी असते तिच्यात रेडिओची यंत्रणा, बॅटऱ्या, वीज गेली तर डिझेल जनरेटर. तिथून पुढे जमिनीखालची ऑप्टिकल फायबर, किंवा टॉवरवरची ती ढोलकीसारखी गोल मायक्रोवेव्ह डिश. पुढे शहरातली मोठी यंत्रणा, जी ठरवते की हा कॉल कुठे वळवायचा आणि पैसे कुणाच्या खात्यातून कापायचे. आणि मग हेच सगळं उलट्या क्रमाने मावशीपर्यंत.

आता प्रत्येक ठिकाणी माणूस बसवा. टॉवर कुठे उभा करायचा हे ठरवणारा रेडिओ प्लॅनिंगचा इंजिनिअर. टॉवरवर चढून अँटेना बांधणारा, त्याला रिगर म्हणतात. बॅटरी-जनरेटर बघणारा टेक्निशियन. फायबर तुटली की रात्री दोन वाजता जाऊन जोडणारा. (आमच्या भागात फायबर तुटण्याचं कारण नव्वद टक्के वेळा जेसीबी, हे मुलांनीच सांगितलं.) नंतर सॉफ्टवेअरवाले, बिलिंगवाले, सिम विकणाऱ्यांचं जाळं सांभाळणारा सेल्स मॅनेजर, जागेच्या भाड्याचे करार करणारा वकील, हिशेब बघणारा सीए, सरकारकडून परवाना आणि लहरींचा हक्क मिळवणारा अधिकारी.

मुलांच्या लक्षात आलं की "मोबाईल कंपनीतला इंजिनिअर" असा एक माणूस नसतोच.

केळझरच्या मुलांना हा धडा समजावणं सोपं जातं, कारण आपल्याकडे टेकडी आहे. सिद्धिविनायकाच्या मंदिरात सगळेच जातात. टेकडीवर उभं राहिलं की नागपूर-वर्धा रस्ता आणि खालचं गाव, शेतं दिसतात. मी विचारलं, "वर रेंज चांगली येते की खाली खोलगट भागात?" उत्तर सगळ्यांना माहीत होतं. कारण मात्र कुणी सांगितलं नव्हतं. रेडिओ लहरींना मोकळी नजर लागते, मध्ये उंचवटा किंवा दाट झाडी आली की त्या कमजोर होतात. ज्याला नकाशावरच्या समोच्च रेषा वाचता येतात तो रेडिओ प्लॅनिंगचं पहिलं पाऊल शिकलेला असतो. हे वाक्य मी भूगोलाचा शिक्षक म्हणून जरा जास्तच आनंदाने बोललो.

दुसरी तासिका : माणसं

इथे मी सर्वात जास्त वेळ दिला. पदांची यादी मुलं विसरतात, माणसाची गोष्ट लक्षात राहते.

पहिली गोष्ट पुण्याची. थॉमस कैलाथ यांचा जन्म १९३५ मध्ये पुण्यात, एका मल्याळी कुटुंबात झाला. सेंट व्हिन्सेंट शाळा, मग पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज, ज्याला आपण सीओईपी म्हणतो. तिथून १९५६ मध्ये त्यांनी टेलिकम्युनिकेशनमध्ये पदवी घेतली. तेव्हा देशात टेलिफोन ही श्रीमंतांची आणि सरकारी कचेऱ्यांची वस्तू होती, आणि तरी त्या विषयाची पदवी पुण्यात मिळत होती, याचं मुलांना आश्चर्य वाटलं. कैलाथ पुढे अमेरिकेत एमआयटीला गेले. भारतात जन्मलेल्या विद्यार्थ्यांपैकी तिथे इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगमध्ये डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले. १९६३ पासून स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवू लागले. त्यांची वाट सरळ होती: शाळा, कॉलेज, डॉक्टरेट, प्राध्यापकी. अशी सरळ वाट असते, पण ती कमी लोकांची असते.

दुसरी गोष्ट त्यांच्याशीच जोडलेली आहे, पण वाट अगदी वाकडी. आरोग्यस्वामी पॉलराज तमिळनाडूतले. पंधराव्या वर्षी ते खडकवासल्याच्या एनडीएत दाखल झाले आणि नौदलात गेले. म्हणजे आपल्या दहावीच्या मुलाच्या वयात त्यांनी सैन्याचा रस्ता धरला. टेलिफोनशी त्यांचा काही संबंध नव्हता. नौदलाने पाठवलं म्हणून आयआयटी दिल्लीत संशोधन केलं, डॉक्टरेट मिळवली. पुढे पाणबुड्या शोधण्यासाठी जहाजावर बसवायचं सोनार बनवलं. सोनार म्हणजे पाण्यात आवाज सोडायचा आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून पलीकडे काय आहे ते ओळखायचं. या कामात अनेक 'कान' एकत्र वापरावे लागतात आणि प्रत्येक कानावर पडलेला आवाज वेगळा काढावा लागतो.

नौदलातून लवकर निवृत्ती घेऊन पॉलराज स्टॅनफर्डला गेले, कैलाथ यांच्या गटात. तिथे त्यांच्या मनात आलं की हवेतल्या रेडिओ लहरींचंही असंच करता येईल. एकाच लहरीवर, एकाच वेळी, दोन-तीन अँटेनांमधून वेगवेगळी माहिती पाठवायची आणि पलीकडेही अनेक अँटेनांनी ती घेऊन वेगळी करायची. म्हणजे रस्ता तेवढाच, पण गाड्या दुप्पट-तिप्पट. सुरुवातीला अनेक जाणकारांना हे पटलं नव्हतं. पॉलराज आणि कैलाथ यांना या कल्पनेचं अमेरिकन पेटंट १९९४ मध्ये मिळालं. त्या तंत्राला मायमो म्हणतात. आज ४जी, ५जी आणि वाय-फाय तिन्ही त्यावर चालतात. २०१४ चा मार्कोनी पुरस्कार पॉलराज यांना मिळाला.

घरी वाय-फायचा राउटर असेल तर त्याला दोन किंवा चार अँटेना का असतात, हा प्रश्न मुलांनी घरी जाऊन विचारायचा होता. एका मुलाने दुसऱ्या दिवशी सांगितलं, "बाबा म्हणाले शोसाठी."

इथे थांबून मी विचारलं: पॉलराज यांना टेलिकॉममध्ये आणणारी गोष्ट कोणती? टेलिकॉमची पदवी नव्हती. सोनारचं काम होतं, आणि त्याखालचं गणित होतं. जुनं शिकलेलं नव्या जागी उपयोगी पडलं. ही एक गोष्ट मुलांनी धरून ठेवावी असं मला वाटत होतं, आणि पुढच्या जवळजवळ प्रत्येक माणसात ती सापडली.

तिसरी गोष्ट आपल्या गावात फोन कसा आला त्याची. सॅम पित्रोदा यांचा जन्म १९४२ मध्ये ओडिशातल्या टिटलागढला, गुजराती कुटुंबात. बडोद्याला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं. १९६४ मध्ये अमेरिकेला गेले, तिथे इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकले. अमेरिकेला जाईपर्यंत त्यांनी स्वतः टेलिफोन वापरला नव्हता, असं त्यांनीच लिहिलं आहे. शिकागोत टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांत नोकरी केली आणि डिजिटल एक्स्चेंजच्या कामात नाव मिळवलं.

ऑगस्ट १९८४ मध्ये सरकारने सी-डॉट ही संस्था स्थापन केली. ३६ महिने आणि ३६ कोटी रुपये, एवढ्यात भारतीय डिजिटल एक्स्चेंज बनवून द्यायचं, असं ठरलं. तिथे जमलेली माणसं बघा. पित्रोदा अमेरिकन कंपनीतून आलेले. जी. बी. मीमांसी सरकारी टेलिफोन खात्यातले. एम. व्ही. पिटके मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले, म्हणजे टीआयएफआरमधले. त्या संस्थेत आधी लष्करासाठी इलेक्ट्रॉनिक स्विचचं काम झालं होतं. आणि त्यांच्या हाताखाली नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली शेकडो मुलं-मुली. म्हणजे खासगी कंपनी, सरकारी खातं, संशोधन संस्था आणि कोरी पाटी, असे चार रस्ते एका इमारतीत येऊन मिळाले.

त्यांनी खेड्यांसाठी जे छोटं एक्स्चेंज बनवलं त्याचं नाव रॅक्स. १२८ पोर्टचं. पहिलं जुलै १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला सुरू झालं. त्याची खरी कमाल वर्ध्याच्या माणसाला लगेच कळेल. परदेशी एक्स्चेंजला वातानुकूलित, धूळ नसलेली खोली लागायची. रॅक्सला एसी लागत नव्हता. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, लाइट जाते, धूळ तर बाराही महिने. अशा ठिकाणी एका साध्या खोलीत चालेल असं यंत्र बनवायला उत्तम गणित लागतं, आणि गाव कसं असतं ते माहीत असलेला माणूसही लागतो. मी मुलांना म्हटलं, "तुम्ही गावातले आहात ही उणीव नाही, ती माहिती आहे." एवढं एक वाक्य पाठात उपदेशाचं आलं, माफ करा.

सी-डॉटची गोष्ट तिथे संपत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये बीएसएनएलची स्वदेशी ४जी यंत्रणा सुरू झाली. तिचा गाभा सी-डॉटने, रेडिओचा भाग तेजस नेटवर्क्सने आणि सगळ्याची जुळणी टीसीएसने केली आहे.

राजीव सुरी यांची गोष्ट मी थोडक्यात सांगितली, पण पालकसभेत तीच सर्वात जास्त चर्चेत राहिली. मणिपालच्या कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशनची पदवी, १९९५ मध्ये नोकियात नोकरी, २०१४ ते २०२० नोकियाचे प्रमुख. एमबीए नाही, एम.टेक. नाही. "म्हणजे पदवीनंतर क्लासला एवढे पैसे घालायची गरज नाही का?" असं एका आईने विचारलं. मी म्हटलं, गरज कामावर ठरते. ते खरंच तसं आहे.

मॅनेजर कुठून येतात?

मुलांचा समज असा की इंजिनिअर मोठा झाला की मॅनेजर होतो. काही वेळा होतो. पण या धंद्यातल्या मोठ्या मॅनेजरांची पार्श्वभूमी बघितली तर गंमत वाटते.

सुनील मित्तल, एअरटेलचे संस्थापक. लुधियानाचे. १९७६ मध्ये, अठराव्या वर्षी, वडिलांकडून २० हजार रुपये घेऊन सायकलचे सुटे भाग बनवायला लागले. मग जपानी जनरेटर आयात करून विकले. १९८३ मध्ये सरकारने जनरेटरच्या आयातीवर बंदी घातली आणि धंदा एका रात्रीत बसला. तेव्हा ते बटनाच्या टेलिफोनकडे वळले, कारण तोवर आपल्याकडे बोट घालून फिरवायची तबकडी होती. १९९५ मध्ये दिल्लीत मोबाईल सेवा. ही गोष्ट मुलांना फार आवडते, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगितली: त्यांचे वडील खासदार होते. वीस हजारातून साम्राज्य, ही गोष्ट खरी असली तरी त्या घराला ओळखी होत्या. मुलांना अर्धी गोष्ट सांगू नये.

अखिल गुप्ता हे त्याच कंपनीतले सीए. २००४ च्या सुमारास कंपनीने एक निर्णय घेतला, ज्यात त्यांचा मोठा हात होता. नेटवर्क उभारण्याचं आणि सांभाळण्याचं काम एरिक्सन, नोकिया अशा यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांना दिलं, कॉम्प्युटरची कामं आयबीएमला दिली. तेव्हा लोकांना हे विचित्र वाटलं, टेलिफोन कंपनीने नेटवर्कच दुसऱ्याला द्यायचं म्हणजे काय! पण इतरांनीही तीच वाट धरली. २००७ मध्ये भारती, व्होडाफोन आणि आयडियाने मिळून टॉवर सांभाळणारी वेगळी कंपनी काढली, इंडस टॉवर्स.

याचा आपल्या मुलांशी काय संबंध? फार मोठा. आज गावाजवळच्या टॉवरवर काम करणारा मुलगा ज्या कंपनीचं सिम त्या टॉवरवरून चालतं तिच्या पगारावर बहुधा नसतो. तो टॉवर कंपनीच्या, किंवा तिने नेमलेल्या कंत्राटदाराच्या पगारावर असतो. "मोबाईल कंपनीत नोकरी" याचा अर्थ एका सीएच्या वहीतल्या हिशेबाने बदलून गेला. नोकरी शोधताना कुठल्या दारावर जायचं हे पालकांना म्हणूनच कळत नाही.

गोपाल विठ्ठल यांनी २०१३ पासून अनेक वर्षं एअरटेलचा भारतातला कारभार सांभाळला. ते आयआयएम कोलकात्याचे, आणि आधी हिंदुस्थान युनिलिव्हरमध्ये. म्हणजे साबण-पावडरच्या धंद्यातले. पण विचार करा, साबण आणि रिचार्ज दोन्ही गल्लीतल्या दुकानापर्यंत पोहोचवायचे असतात. अरुण सरीन २००३ ते २००८ व्होडाफोनच्या जागतिक कंपनीचे प्रमुख होते. आपल्याकडे हचचं व्होडाफोन झालं ते त्यांच्याच काळात, २००७ मध्ये. त्यांची पदवी आयआयटी खरगपूरची, धातुशास्त्रातली! सरकारी बाजूला पाहिलं तर अरुणा सुंदरराजन २०१७ ते २०१९ देशाच्या दूरसंचार सचिव होत्या. त्या आयएएस. या एका नावावर वर्गातल्या मुली सरसावून बसल्या. बाकी सगळी नावं पुरुषांची होती हे त्यांच्या लक्षात आलं होतं, आणि एकीने तसं बोलूनही दाखवलं. तिचं म्हणणं बरोबर होतं. पुढच्या वर्षी या पाठात मला आणखी स्त्रिया शोधून घालायच्या आहेत.

"लाइन बुडाली" याचं काय?

आता त्या मामांकडे वळू. ते खोटं बोलत नव्हते.

जुन्या टेलिफोन खात्यात एक शिडी होती. माणूस लाइनमन म्हणून लागायचा. खात्याच्या परीक्षा देत फोन मेकॅनिक, मग टेलिकॉम टेक्निकल असिस्टंट, मग जेटीओ म्हणजे ज्युनिअर टेलिकॉम ऑफिसर, पुढे एसडीई. बाहेरून पदवी घेऊन थेट जेटीओ होणारे असायचे, आणि यूपीएससीची इंजिनिअरिंग सेवा परीक्षा देऊन वरून येणारे अधिकारी असायचे. एकाच कचेरीत तिन्ही प्रकारचे लोक. आपल्याकडचे कितीतरी जण प्रशिक्षणाला जबलपूरला जाऊन आलेले आहेत. गावातल्या एका निवृत्त काकांना मी वर्गात बोलावलं होतं. खांबावर चढण्यापासून त्यांनी सुरुवात केली होती. ते म्हणाले, "आमच्या टायमाले खात्याची परीक्षा पास झालं का वरचा रस्ता खुला. शिकत राहा, चढत राहा."

२००० साली १ ऑक्टोबरला खात्याची बीएसएनएल झाली. मोबाईल आल्यावर घरचे फोन कमी होत गेले, खर्च तोच राहिला. २०१९ मध्ये पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी स्वेच्छानिवृत्ती योजना आली आणि ३१ जानेवारी २०२० ला एका दिवसात बीएसएनएलचे सुमारे ७८ हजार कर्मचारी निवृत्त झाले. मामा त्यांतलेच एक. ज्याने आपल्या कचेरीतल्या खुर्च्या एका संध्याकाळी रिकाम्या झालेल्या पाहिल्या, तो भाचीला या लाइनमध्ये कसा पाठवेल?

खासगी बाजूलाही हेच. एकेकाळी प्रत्येक राज्यात सात-आठ कंपन्या होत्या. २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर काही बंद पडल्या, काही विकल्या गेल्या, २०१८ मध्ये व्होडाफोन-आयडिया एक झाल्या. आता जिओ, एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएल उरल्या. कंपन्या कमी म्हणजे वरच्या जागाही कमी.

पण लहरी, टॉवर, फायबर यांचं काम कमी झालं नाही, वाढलं. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचं भारतनेटचं काम २०११ पासून चालू आहे. ५जी आलं. डेटा सेंटर आली. कारखान्यांत, रेल्वेत, वीज कंपन्यांत, बँकांत नेटवर्क सांभाळणारी माणसं लागतात. बुडाली ती कायमच्या सरकारी नोकरीची शिडी. विद्या बुडालेली नाही. मामा शिडीबद्दल बोलत होते, मुलगी विद्येबद्दल, आणि दोघं एकच शब्द वापरत होते.

गोड चित्र मात्र रंगवायचं नाही. टॉवरवर काम करणारा आमचा एक माजी विद्यार्थी वर्गात आला होता. आयटीआय केलेला. मुलांनी पगार विचारला, त्याने खरा सांगितला, आणि वर्ग जरा गप्प झाला. कंत्राट दरवर्षी बदलतं, रात्री-बेरात्री जावं लागतं, पावसाळ्यात तर विचारूच नका. "सर, शिडी आमच्यातही आहे, पण ती कंपनी लावून देत नाही, आपणच लावावी लागते," असं तो म्हणाला. तो आता खासगीरीत्या डिप्लोमाची तयारी करतो आहे.

जाता जाता पालकांसाठी एक सावधगिरीची गोष्ट. "तुमच्या शेतात टॉवर बसवतो, महिन्याला एवढं भाडं, आधी नोंदणी फी भरा" असे फोन येतात. आमच्याच भागातल्या एका शेतकऱ्याने असे पैसे भरले आणि गमावले. टॉवरच्या जागेसाठी ट्राय किंवा दूरसंचार विभाग कुणाकडून पैसे घेत नाही, असं या दोन्ही सरकारी यंत्रणांनी वारंवार जाहीर केलं आहे. नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्यांनाही हाच नियम लावा.

तिसरी तासिका : केळझरहून निघणारे रस्ते

दहावीनंतर या क्षेत्राकडे जाण्याचे मुख्य रस्ते तीन.

आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकसारखा दोन वर्षांचा ट्रेड. हाताने काम लवकर येतं, कमाई लवकर सुरू होते. तिथून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, ही गोष्ट बहुतेक पालकांना माहीतच नसते.

दहावीच्या गुणांवर पॉलिटेक्निक, तीन वर्षांचा इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनचा डिप्लोमा, ज्याला मुलं ईएनटीसी म्हणतात. नंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. एकूण वर्षं सहाच होतात, जेवढी अकरावी-बारावी आणि पदवी मिळून होतात. फरक असा की मध्येच पैशाची अडचण आली तर हातात डिप्लोमा असतो.

आणि अकरावी-बारावी विज्ञान, मग सीईटी किंवा जेईई. गणित-भौतिकशास्त्राचा पाया या रस्त्यावर जास्त खोल होतो. पुढे संशोधन किंवा यूपीएससीची इंजिनिअरिंग सेवा मनात असेल तर तो उपयोगी पडतो. पण नागपूरच्या क्लासचा आणि राहण्याचा खर्च, किंवा रोजचं बसचं येणं-जाणं, हेही त्याच रस्त्यावर आहे. पदवीसाठी नागपूरला जावंच लागतं असं नाही, सेवाग्रामला इंजिनिअरिंग कॉलेज १९८३ पासून आहे.

मुलींच्या पालकांनी हे विचारून घ्या: ८ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास, २०२४-२५ पासून राज्य सरकारने शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेअर हे कागद निकालाच्या आधीच सेलूच्या तहसीलमधून काढून ठेवा. दरवर्षी दोन-तीन मुलं निव्वळ कागदांपायी अडकतात, आणि ते बघवत नाही.

गृहपाठ असा दिला होता. फोनच्या साखळीतला कुणीही एक माणूस गाठायचा आणि त्याला चार प्रश्न विचारायचे: काय शिकलात? पहिली नोकरी कोणती? आधीचं कोणतं शिकलेलं आज कामात येतं? आणि काय शिकायचं राहून गेलं? चौथ्या प्रश्नाला जवळजवळ सगळ्यांचं उत्तर एकच आलं, इंग्रजी. दोघांनी गणित म्हटलं. सिमकार्डाच्या दुकानदाराने "हिशेब लिहून ठेवायला शिकायचं होतं" असं सांगितलं. मुलांनी ती उत्तरं तक्त्यावर लिहून वर्गात लावली, अजून लावलेली आहेत.

आणि ती मुलगी. मी बाप-लेकीला पुन्हा बोलावलं, मामांनाही बोलावलं. मामा आधी तयार नव्हते. आले तेव्हा तासभर बोलले, जबलपूरच्या ट्रेनिंगपासून शेवटच्या दिवसापर्यंत. शेवटी भाचीला म्हणाले, "डिप्लोमा कर, पण हातात टेस्टर धरायले लाजू नको." बापाने अकरावीचा अर्जही भरूनच ठेवला होता. मुलीने डिप्लोमा घेतला. पहिल्या सत्रात तिला अप्लाइड मॅथ्स जड जातंय, असं परवा तिने फोनवर सांगितलं. आमच्या गणिताच्या मॅडम रविवारी तिला तासभर शिकवतात.

तुमच्या गावातला कुणी लाइनमन, ऑपरेटर, टॉवर टेक्निशियन किंवा टेलिकॉममधली एखादी ताई वर्गात बोलायला तयार असेल तर खाली कळवा. विशेषतः ताई. पुढच्या वर्षीच्या पाठासाठी मला हव्या आहेत.